पऱ्हाट्यांचा हिशेब

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की जालना जिल्ह्यात पऱ्हाट्या उपटून घरामागे रचल्या जातात आणि पुढे कित्येक महिने त्याच चुलीत जळतात. फुकटचे सरपण म्हणून त्यांचे मोल मोठे. पण हाच कापूस पौष-माघापर्यंत रान अडवून धरतो, त्यामुळे त्या रानात रब्बीची ज्वारी होत नाही. ज्वारी गेली की कडबा जातो, आणि कडब्यावाचून दुभते जनावर परवडत नाही. खरिपातली बाजरी, मूग, उडीद यांची जागा बरीचशी सोयाबीनने घेतली. म्हणजे पिकांच्या एका बदलाने भाकरी, वरण आणि दूध विकतचे झाले, आणि चुलीला मात्र धूर भरपूर मिळाला. जगाच्या आजारांचा हिशेब मांडणारे शास्त्र या गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिते: कुपोषण एकात, घरातली धुरकट हवा दुसऱ्यात, पाणी तिसऱ्यात. मोजणीसाठी रकाने हवेतच. चूक होते ती उपायही रकान्यांप्रमाणे वाटून देण्यात.

हे मोजण्याचे शास्त्र जुने नाही. जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालाने अकाली मृत्यू आणि आजारपण मिळून निरोगी आयुष्याची किती वर्षे गेली, हे एकाच मापाने मोजायला सुरुवात केली. पुढे त्यात कारणांमागची कारणेही आली. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलेला असतो, धूर किंवा उपासमार कोणी लिहीत नाही. तो वाटा गणिताने काढावा लागतो. धोका नसता तर किती मृत्यू टळले असते, असा तो प्रश्न. या पद्धतीने २०१९ मध्ये भारतात हवेच्या प्रदूषणामुळे सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू झाले, म्हणजे एकूण मृत्यूंपैकी १७.८ टक्के. २०१७ मध्ये पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूंपैकी ६८ टक्क्यांमागे कुपोषण होते. हे आकडे अंदाजाचे आहेत, म्हणून कोणी ते झटकून टाकतात. अंदाज आहेत हे खरे, पण हवेत काढलेले नाहीत. खरी खबरदारी वेगळी आहे: या टक्क्यांची बेरीज करता येत नाही. धुराच्या घरातले अशक्त मूल न्यूमोनियाने गेले, तर तो मृत्यू दोन्ही रकान्यांत मोजला जातो. बेरीज शंभरावर जाते, कारण धोके एकमेकांच्या हातात हात घालून येतात.

जालन्यात ही गुंफण उघड दिसते. शहरात भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळया ओढणाऱ्या रोलिंग मिल आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत जालना आहे. ती यादी शहरांची. भोकरदन किंवा मंठ्याच्या खेड्यातली चूल तिच्यात बसत नाही. उज्ज्वला योजनेची शेगडी पोचली, तरी पऱ्हाट्यांची रास दारात असताना सिलिंडर पुन्हा भरून आणण्याचा खर्च पुढे ढकलला जातो, आणि यात बेफिकिरी शोधणे अन्यायाचे आहे. पाण्याचेही तसेच. सुमारे ७०० मिलिमीटर पावसाचा हा जिल्हा २०१२-१३ च्या दुष्काळात सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. नळाला पाणी रोज येत नाही तिथे ते पिंपात, टाक्यात साठते; साठवलेले पाणी हाताळताना दूषित होते, उघड्यावर राहिले की त्यात डेंगीचा डास अंडी घालतो. वारंवार जंतू पोटात गेले की आतड्याची अन्न शोषण्याची ताकद घटते, आणि मग खाल्लेलेही अंगी लागत नाही.

यावर जाणकारांचा एक आक्षेप वजनदार आहे: सुटे उपाय यशस्वी झालेच की. आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाला आवर घातला, लसींनी आणि मीठ-साखर-पाण्याने असंख्य मुले वाचवली. मान्य. पण एक पुडी, एक टोचणी घरातल्या बाकी परिस्थितीवर फारशी अवलंबून नसते. रक्तक्षयाचे तसे नाही. लोहाच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० चा आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. बोटाच्या थेंबावरून केलेली ही मोजणी वादग्रस्त आहे, त्यामुळे वाढीवर फार भर देऊ नये. पण पन्नास वर्षांनंतर निम्म्याच्या आसपास, हे काही मोजणीच्या दोषाने झाकले जाणार नाही. दुसरा आक्षेप माझ्याच युक्तिवादाला अडचणीचा आहे. बांगलादेश, केनिया आणि झिंबाब्वेमधल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१८-१९ च्या सुमारास आले. क्लोरीन, शौचालय, हात धुणे यांनी मुलांची उंची वाढली नाही; पूरक आहाराने थोडी वाढली, आणि दोन्ही एकत्र दिल्याने त्यात भर पडली नाही. मग एकत्र उपायांचा आग्रह कशाला? माझ्या मते चाचण्यांनी जे दिले तेच तोकडे होते. अंगणात कोंबड्या-जनावरे, पाणी दुरून आणलेले. तिथे क्लोरीनची बाटली किती पुरणार? घरात भरवशाचे, भरपूर, वाहते पाणी येणे ही वेगळीच पायरी आहे.

उत्पन्न वाढले की सारे आपोआप सुटेल, असे म्हणणाऱ्यांना तर जालनाच उत्तर देते. महिकोसारखी बियाणे कंपनी इथे १९६४ मध्ये उभी राहिली, पोलाद इथे आहे, मोसंबी इथली नावाजलेली. पैसा येतो, पण ताटात येतात रेशनचा गहू-तांदूळ, सुटे तेल, बिस्किटे, फरसाण. २०१७ मध्ये जगात चुकीच्या आहाराशी जोडलेले १ कोटी १० लाख मृत्यू मोजले गेले. त्यांत जास्त मीठ आणि कमी अखंड धान्य ही ठळक कारणे होती. म्हणून एकाच घरात नातू खुरटलेला आणि आजीला रक्तदाब, असे चित्र दिसते.

मग करायचे काय? कापूस सोडा असे शेतकऱ्याला सांगणे सोपे आणि निरर्थक आहे. कापसाच्या सरकारी खरेदीइतकी भक्कम यंत्रणा ज्वारीमागे उभी नाही तोवर तो सोडणार नाही. ज्वारी जिल्ह्यातच खरेदी करून रेशन आणि अंगणवाडीला द्यावी, पऱ्हाट्यांच्या कांड्या करून कारखान्यांना विकाव्यात आणि त्या पैशावर सिलिंडर भरले जावेत. आज हवेचा निधी एका खात्याकडे, नळाचा दुसऱ्याकडे, आहाराचा तिसऱ्याकडे आहे. या साऱ्याची एकत्र नोंद होते ती फक्त आशाताईंच्या फेरीत, आणि तीही त्यांना वेगवेगळ्या रजिस्टरांत लिहावी लागते.