नव्या गाडीतील टायरचा आवाज : खर्चाआधी हवा तपासा

भिवंडीचे आपले व्यापारी बंधू ग्रे कापडाच्या खरेदीसाठी मालेगावला नेहमी जातात. पल्ला दोनशे किलोमीटरच्या वरचा. भाव, उधारी, मुदत यांच्या निम्म्या गोष्टी गाडीतच ठरतात. म्हणून गाडीतला आवाज ही आमच्या मते चैनीची नव्हे, धंद्याची बाब होय.

आम्ही कर्ज काढून नवी गाडी घेतली, ती मुख्यतः या फेऱ्यांसाठी. सोबत आमचे भाईजान असत. त्यांनी तीस वर्षे यंत्रमागाच्या शेडमध्ये काढली, आता कानाला मशीन लागले आहे. हे मशीन बोलण्याबरोबर घरघरही मोठी करते. गाडी साठच्या पुढे गेली की त्यांना आमचा शब्द कळेना. दुसऱ्या फेरीनंतर ते म्हणाले, "तू जा, मी नाही येत." कापडाला नुसता हात लावून सुताचा नंबर सांगणारा माणूस घरी बसला आणि पुढच्याच खेपेला आम्ही हलका माल उचलून आणला. नुकसान किती झाले ते येथे लिहीत नाही.

शोरूमवाल्यांनी "सगळ्या गाड्यांना असेच असते" असे सांगून वाटेला लावले. अॅक्सेसरीच्या दुकानात पूर्ण गाडीला डॅम्पिंग शीट बसवण्याचे चाळीस हजार सांगितले. आम्ही बयाणा देणारही होतो. सुदैवाने त्याआधी नाक्यावरच्या टायरवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी गेज लावले, तर चारही चाकांत 44 पौंड हवा! ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर 33 लिहिलेले. कारखान्यातून निघालेल्या गाड्या यार्डात उभ्या राहतात, तेव्हा टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून हवा जास्त भरतात. गाडी ग्राहकाला देताना ती उतरवायची असते. आमच्या तपासणीच्या कागदावर तशी खूण होती, काम मात्र झाले नव्हते. जास्त हवेचा टायर कडक होतो आणि रस्त्याची प्रत्येक खडी आत पोचवतो.

मात्र आवाज कमी व्हावा म्हणून स्टिकरपेक्षा खाली हवा ठेवू नये. कमी हवेचा टायर दबून तापतो आणि महामार्गाच्या वेगात फुटू शकतो. हवा नेहमी टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी पाहावी.

चाचांनी टायरच्या बाजूवरील चार आकडेही दाखवले. 1523 म्हणजे 2023 सालचा पंधरावा आठवडा. नव्या गाडीचे टायर फार जुने निघाले तर ती गाडी बराच काळ उभी होती असे समजावे. अशा चपट्या टायरची धपधप वीसेक किलोमीटर चालून टायर गरम झाल्यावर जाते. तरीही न गेल्यास गाडी विकणाऱ्याकडे तक्रार करावी. आवाज इंजिनाचा की चाकाचा हे ओळखायचे तर मोकळ्या रस्त्यावर अॅक्सिलरेटर सोडून पाहा. इंजिन शांत झाले तरी घरघर तशीच राहिली, तर ती चाकाची. डावीकडे हळू वळताना वाढली तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासून घ्या, ते काम वॉरंटीत होते.

टायरवर आवाज कसा तयार होतो हे आपल्या कारागिरांना सांगायला नको. शेडमधले सगळे माग एका ठेक्यात पडले तर सूर कानात घुसतो, वेगवेगळे पडले तर नुसता गोंगाट राहतो. टायरवरील नक्षीचे ठोकळे याच कारणाने मुद्दाम लहानमोठे ठेवतात. त्यातून खाचांत दबणारी हवा फटकन सुटते, तोही आवाज असतो. ताशी 50 च्या आसपास वेग गेला की इंजिनापेक्षा टायरच जास्त बोलतो.

रस्त्याचाही हिस्सा मोठा. हवा उतरवल्यावर डांबरी रस्त्यावर आमची गाडी बरीच शांत झाली. पण जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून आम्ही त्या वाटेने जातो, आणि तो रस्ता काँक्रीटचा. पाणी निघून जावे आणि पकड राहावी म्हणून काँक्रीटवर रेघा ओढतात, त्यांवर टायर गातो. त्याला गाडीवाला काय करणार? आम्ही फक्त चार दारांना ब्युटाइलची शीट बसवली, खर्च पाव हिश्शावर आला. अंडरबॉडी कोटिंग गंजासाठी ठीक, आवाजासाठी तिचा फारसा उपयोग आम्हांला दिसला नाही.

भाईजान आता पुन्हा पुढच्या सीटवर असतात. काँक्रीटवर मशीन बंद ठेवतात आणि इगतपुरीला चालू करतात.

टायर बदलण्याची वेळ येईल तेव्हा रुंद टायरच्या मोहात पडू नये, तो सहसा जास्त आवाज करतो. भाराचा आणि वेगाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नये. आत फोम चिकटवलेले टायरही निघाले आहेत, पण घेण्यापूर्वी आपल्या पंक्चरवाल्याला विचारावे. पंक्चर काढताना तेवढा फोम खरवडावा लागतो आणि प्रत्येक जण ते काम हाती घेत नाही.