अलिबागहून क्वांटच्या मुलाखतीला जाताना

लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा अलिबागच्या कॉलेजात गणित, संख्याशास्त्र शिकलेल्या मुलांना बँक म्हटलं की क्लार्क आणि पीओच्या परीक्षाच आठवतात. समोर मुंबईतल्या मोठ्या बँकांत क्वांटिटेटिव्ह अ‍ॅनालिस्टच्या जागा असतात, तिकडे अर्जच होत नाही. तो व्हावा, म्हणून हे थोडं सविस्तर.

काम काय असतं

ऑप्शन, स्वॅप अशा डेरिव्हेटिव्हच्या किमती काढणारी आणि संभाव्य तोटा मोजणारी गणिती मॉडेलं क्वांट बांधतो. ती तपासणारा गट वेगळा, त्याला मॉडेल व्हॅलिडेशन म्हणतात. अर्ज कोणत्या गटासाठी आहे, ते आधी पाहा.

एक प्रश्न, शेवटपर्यंत

मुलाखतीत असा प्रश्न येतो: फासा टाका, जितके ठिपके, तितके रुपये. आकडा आवडला नाही तर एकदाच पुन्हा टाकता येईल, पण मग दुसराच आकडा धरायचा. या खेळाची किंमत किती?

एका फाशाची सरासरी 3.5. म्हणून 4, 5, 6 आले तर थांबायचं, तिथे सरासरी 5. खालचे आकडे आले तर पुन्हा टाकायचा, तिथे 3.5. दोन्ही शक्यता निम्म्या, म्हणून 4.25 रुपये. बरेच जण इथे थांबतात. खरं तर पुन्हा टाकण्याच्या हक्काची किंमत 75 पैसे निघाली. हक्क आहे, सक्ती नाही. ऑप्शनला किंमत येते ती यामुळेच. हे आपणहून बोललात की चर्चा 1973 च्या ब्लॅक-शोल्स सूत्राकडे जाते: त्यात अस्थिरता कायम धरली आहे, बाजारात ती तशी राहते का? सूत्र नुसतं पाठ असेल तर इथे अडायला होतं.

आपल्या परीक्षांनी गप्प बसून सोडवायची सवय लावली आहे. ती मोडा. मित्राला समोर बसवून, फळ्यावर लिहीत, मोठ्याने सोडवा.

प्रकल्प जवळचाच घ्या

शेअरच्या भावाचा अंदाज बांधणारे प्रकल्प मुलाखत घेणाऱ्यांनी ढिगाने पाहिलेले असतात. अलिबागची चुंबकीय वेधशाळा घ्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी कुलाब्यातल्या नोंदी बिघडणार, म्हणून 1904 मध्ये ती इथे आली. पण कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडता आली. बँकेत जुनं मॉडेल काढून नवं आणताना दोन्ही काही काळ समांतर चालवतात, ते याच कारणासाठी. अशा नोंदींवर काम केलं की आणखी एक गोष्ट अंगवळणी पडते: कालक्रमाची माहिती पत्त्यांसारखी पिसून चाचणीला घ्यायची नाही. मॉडेलला भविष्य आधीच दिसलं, तर त्याचा निकाल फसवा असतो. माझ्या मते व्हॅलिडेशनच्या मुलाखतीत याहून चांगला विषय सापडणं कठीण.

बाकीचं

संभाव्यता, रिग्रेशन, मॅट्रिक्सचं गणित आणि पायथन सगळीकडे लागतं. डेरिव्हेटिव्हच्या गटासाठी सी++ आणि इटोचं सूत्रही. पुस्तक जॉन हल यांचं. बायोडेटात लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येईल असं धरून चाला. जे समजावता येत नाही ते खोडा.

आणि मुलाखत पावसाळ्यात असेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा. मांडव्याहून गेटवेच्या लाँच तेव्हा बंद असतात, रो-रो हवामानावर, आणि वडखळच्या रस्त्यावर वेळेचा भरवसा धरता येत नाही.