चार फुटांतलं ऊन

मेलबर्नहून मिल्डुराकडे गाडीनं जाताना गव्हाची शेतं विरळ होत गेली आणि मॅली निलगिरीची खुरटी झाडी सुरू झाली, की मी कुंपणाच्या खांबांवर नजर ठेवून असते. ऑक्टोबरात, म्हणजे इथल्या वसंतात, सकाळच्या उन्हाला एखाद्या खांबाच्या टोकावर लाकडाच्याच रंगाचा सरडा छाती काढून बसलेला दिसतो. गळ्याखाली काट्याकाट्यांची दाढी, चपटं अंग, शेपटीसकट दीड-दोन फूट लांबी. हा सेंट्रल बिअर्डेड ड्रॅगन, शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. इथले लोक लाडानं ‘बिअर्डी’ म्हणतात. आपल्या अंगणातला सरडा आणि साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्यात निळा-केशरी गळा फुलवणारा सरडा, हे दोघंही याच कुळातले.

मुलीनं बिअर्डी पाळायचा हट्ट धरला तेव्हा घरात एकच अट ठरली: आधी त्याचं घर उभं राहील, चालून दाखवेल, मग तो येईल. ऑस्ट्रेलियात देशी सरपटणारा प्राणी हौस म्हणून उचलून आणता येत नाही. राज्याचा परवाना काढावा लागतो आणि रानातला प्राणी पकडणं हा गुन्हा आहे. माणसाच्या देखरेखीत जन्मलेलं पिल्लूच घ्यायचं. परवान्याचा अर्ज हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. पिल्लाच्या किमतीपेक्षा त्याच्या घरावर कितीतरी जास्त पैसे जातात, हे मात्र नव्या माणसाला पटता पटत नाही. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्या सगळी खरेदी बघून म्हणाल्या, “अगं, आमच्या परसात कुंपणावर ढिगानं असतात. त्यांना कुणी दिवे लावले?”

आई, त्यांना ऊन आहे ना, म्हटलं. हे सगळं सामान आणायचं ते त्या उन्हासाठीच.

सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. धावणं, पचन, रोगाशी झगडणं, सगळं बाहेरून घेतलेल्या उष्णतेवर चालतं. रानात तो दिवसभर उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात असा सरकत अंगाचं तापमान पस्तिशीच्या आसपास राखतो. पेटीत ठेवल्यावर हे सरकणं चार फुटांत बसवायचं असतं. त्यामुळे ‘आत किती तापमान ठेवू?’ हा प्रश्नच चुकीचा. एक टोक कडक तापलेलं, दुसरं निवांत गार, आणि मध्ये उतरत गेलेली ऊब, असा उतार करून द्यायचा. कुठे बसायचं ते त्याचं तो बघतो.

पूर्ण वाढलेल्या बिअर्डीला १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद आणि ६० उंच जागा ही किमान धरतात. आम्ही मेलामाइनच्या फळ्यांची पेटी केली, पुढे सरकत्या काचा. काचेचा माशांचा टँक स्वस्तात मिळतो, पण मेलबर्नच्या जुलैत त्यातली ऊब चारी बाजूंनी निसटते आणि बल्ब उगाच जळत राहतो. लाकूड ती धरून ठेवतं. हवा खेळायला दोन जाळ्या लागतात: गार बाजूला खाली एक, गरम बाजूला वर एक, म्हणजे गरम हवा वरून निघते आणि खालून ताजी आत येते. फळ्यांच्या सांध्यांत सिलिकॉन भरलं, की ते पुरतं सुकून वास जाईपर्यंत पेटी उघडी ठेवायची.

आणि पेटी खिडकीत ठेवायची नाही. इथे सूर्य उत्तरेकडून येतो, त्यामुळे उत्तरेची खिडकी मोहात पाडते. पण खिडकीची काच यूव्हीबी किरणं जवळजवळ सगळी अडवते आणि उष्णता मात्र आत कोंडते. म्हणजे हवं ते मिळत नाही आणि नको ते भरपूर.

उष्णतेसाठी वरून सोडलेला साधा हॅलोजन फ्लड बल्ब मला सगळ्यात पटला. दुकानात गरम होणारे नकली दगडही मिळतात; त्यांच्या वाटेला जाऊ नये. या प्राण्याला ऊब पाठीवर घ्यायची सवय. खालून चटका बसतोय हे त्याला वेळेवर कळत नाही आणि पोट भाजतं. बल्बभोवती तारेची जाळी हवी, कारण पिल्लं कुठेही चढतात. बल्ब डिमिंग थर्मोस्टॅटला जोडायचा आणि थर्मोस्टॅटचा प्रोब गरम टोकाला घट्ट बसवायचा. तो निसटून गार बाजूला पडला, तर बिचारं यंत्र गार बाजू तापवण्यासाठी बल्ब जाळत सुटतं आणि दिव्याखालची जागा भट्टी होते.

बल्बखाली मी एक जाड स्लेटची फरशी ठेवली. इन्फ्रारेड थर्मामीटर फरशीवर रोखला, की लगेच आकडा येतो. दिवा लागल्या लागल्या २२. पेटीतली हवा लवकर तापते, फरशीला वेळ लागतो. ती पुरती तापल्यावर दिव्याच्या थेट खाली ४१. वीतभर बाजूला ३६. मधल्या लाकडाच्या ओंडक्यावर ३१. पुढे उतरत उतरत गार टोकाच्या ढोलीपाशी २५. पट्टीवरच्या डिजिटल थर्मामीटरवर तेव्हाच हवेचा आकडा वेगळाच दिसत असतो. दोन्ही मोजावे लागतात, कारण सरडा बसतो फरशीवर आणि श्वास घेतो हवेत. ओंडका दोन बोटं वर उचलला तरी आकडा बदलतो. या खेळात एक आख्खा शनिवार सहज जातो, आणि मला विचाराल तर सगळ्या कामातला हाच मजेचा भाग.

तापमानाचा या जातीवर अंमल किती खोल आहे, याचा एक नमुना सांगते. २०१५ साली कॅनबेरा विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की रानातही काही बिअर्डी गुणसूत्रांनी नर असून शरीरानं माद्या असतात. अंडी उबताना उष्णता जास्त झाली, की नर गुणसूत्रांचं पिल्लू मादी होऊन जन्मतं, आणि पुढे अंडीही घालतं.

उबेचं झालं, पण ऊन म्हणजे नुसती ऊब नव्हे. यूव्हीबी किरणांनी कातडीत ड-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याच्या जोरावर खाण्यातलं कॅल्शियम अंगी लागतं. ते न मिळालेल्या पिल्लाचा जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. इथल्या व्हेटांना ही हाडं ओळखीची आहेत. म्हणून हॅलोजनशेजारी पेटीच्या अर्ध्यापेक्षा जास्त लांबीची टी-५ यूव्हीबी ट्यूब लागते, आणि तीही वरूनच. बिअर्डीच्या डोळ्यांवर भुवईचा कंगोरा असतो. वरून आलेल्या प्रकाशापासून तो डोळे वाचवतो, बाजूनं आलेल्या प्रकाशापासून नाही. ऊब आणि यूव्हीबी एकाच जागी पडले पाहिजेत, कारण रानात ते कधी वेगळे नसतात.

एका जुन्या पाळणाऱ्या काकांनी त्यांचा यूव्ही मीटर आणून दिला. त्यावर दिसतो तो आकडा रोजच्या हवामानाच्या बातमीतल्या यूव्ही इंडेक्सचाच. जानेवारीच्या दुपारी मेलबर्नमध्ये तो दहाच्या वर जातो, म्हणून आपण मुलांना टोप्या घालतो. पेटीत बसायच्या जागेवर तो तीन ते पाचच्या दरम्यान हवा. काकांनी मीटर फरशीवर धरला, मग ट्यूबच्या खाली तारेची जाळी आडवी धरली. आकडा डोळ्यांदेखत घसरला. “म्हणून जाळीच्या वरून ट्यूब लावणाऱ्यांचं गणित फसतं,” ते म्हणाले. ट्यूबचा प्रकाश दिसत राहतो, यूव्हीबी मात्र महिन्यागणिक कमी होत जातं. त्यामुळे बसवल्याची तारीख तिच्या टोकावर मार्करनं लिहायची आणि वर्षभरानं ती बदलायची, कितीही लख्ख दिसत असली तरी.

सजावटीबद्दल मी थोडक्यात सांगेन, कारण तिच्यावर सगळे गरजेपेक्षा जास्त बोलतात. थर्माकोल कोरून, ग्राउट लावून केलेल्या कड्यांच्या भिंती माणसांसाठी असतात. सरड्याला चढायला खडबडीत फांदी, आडोशाला ढोली आणि नखं झिजायला टणक जमीन पुरते. लाल वाळू सुंदर दिसते, पण पिल्लाच्या तोंडात किड्याबरोबर तीही जाते. पहिलं वर्ष टाइल आणि वर पेपर टॉवेल. विष्ठा नीट दिसते आणि पोट बिघडलं तर लगेच कळतं. त्याला हाताळल्यावर हात साबणानं धुवायचे, साल्मोनेलासाठी. मुलीला एवढा एक नियम पाठ झाला तरी खूप.

रिकामी पेटी टाइमरवर चालवून, आकडे जागेवर बसल्यावर पिल्लू आणलं. सकाळी दिवा लागतो तेव्हा ते काळपट असतं. हळूहळू फरशीवर येतं, बरगड्या पसरून वाळत घातलेल्या पापडासारखं चपटं होतं आणि दिव्याच्या बाजूला अंग कलतं करतं. गडद रंगानं ऊब लवकर शोषली जाते. थोड्या वेळानं पाठीवर फिकट पिवळा रंग चढतो, तोंड जरासं उघडतं: पुरे झालं. मग ते ओंडक्यावर सरकतं. दिवसभर दिव्याखालून हललंच नाही तर समजायचं ऊब कमी पडतेय. गार टोकाला दडून बसलं तर जास्त होतेय. मी थर्मामीटरपेक्षा आता त्याच्याकडेच बघते.

खाणं अंग तापल्यावर द्यायचं आणि दिवे जाण्याच्या दोन तास आधी थांबवायचं. ऊब नसेल तर किडे पोटात तसेच पडून राहतात. रातकिडा पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, आणि वर कॅल्शियमची भुकटी हवी. वय वाढेल तसा पाला वाढवायचा. घरात पालकाची जुडी नेहमी असते म्हणून तीच टाकावीशी वाटते, पण पालकातली ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतात. ती जुडी आपल्या डाळीत बरी.

हा प्राणी दहा वर्षं सहज जगतो. म्हणजे मुलगी विद्यापीठात जाईल तेव्हाही टाइमर मलाच बदलायचा आहे: उन्हाळ्यात चौदा तास, हिवाळ्यात दहा. खरी पंचाईत डिसेंबरची. आपली माणसं तेव्हा भारतात जातात आणि मेलबर्न तेव्हाच चाळिशी पार करतं. शेजारच्या काकूंसाठी फ्रिजवर कागद लावला आहे: पाला रोज, किडे एक दिवसाआड, पाणी बदलायचं, आणि गार टोकाचा आकडा तिशीवर गेला तर हॅलोजन बंद, ट्यूब चालू. काकूंनी तो वाचून विचारलं, रातकिडे पळाले तर काय करायचं? कागदावर ते लिहायचं राहिलंय.