तीन हजार व्होल्टचा शेकहँड

जानेवारीतली सकाळ. भिवंडीजवळचं वडपे. मुंबई-नाशिक हायवेच्या कडेला गोडाऊनमागून गोडाऊन. तुम्ही-आम्ही माउसच्या एका क्लिकवर मागवलेल्या कितीतरी वस्तू याच पट्ट्यातून घरी येतात. त्यातल्याच एका गोडाऊनमध्ये मी स्टोरीसाठी गेले होते. अंगात पॉलिस्टरचं जॅकेट, पायात रबरी सोलचे शूज. सुपरवायझरशी शेकहँड करायला हात पुढे केला आणि... चट्! दोघंही दचकलो.

''थंडीत हे रोजचंच मॅडम,'' ते हसत म्हणाले. ''फक्त त्या टेबलावरच्या लॅपटॉपना हात लावू नका. उघडलेत तपासायला.''

माझा एवढा धसका?

फंडा सोपा आहे. दोन वेगळ्या वस्तू एकमेकींना घासल्या की एकीवरचे थोडे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. जिला मिळाले तिच्यावर ऋण भार, जिचे गेले तिच्यावर धन भार. हा भार वाहत नाही, साठून राहतो, म्हणून ही 'स्थिर' वीज. चालताना माझ्याही अंगावर ती साठली होती आणि रबरी सोल तिला जमिनीत उतरू देत नव्हते. पावसाळ्यात दमट हवेमुळे वस्तूंवर ओलाव्याचा न दिसणारा थर बसतो आणि भार त्यातून निसटतो. कोरड्या थंडीत ती वाटही बंद!

आता खरी गंमत. तो 'चट्' जाणवायला अंगावर सुमारे ३००० व्होल्ट लागतात. घरच्या प्लगमध्ये असतात २३०! तरी आपण धडधाकट, कारण साठलेला भार अगदी चिमूटभर. क्षणात खेळ खल्लास. पण काही नाजूक चिप १०० व्होल्टच्या आतच दगावतात. म्हणजे आपल्याला झटका कळतही नाही आणि लॅपटॉपची वाट लागलेली असते! म्हणूनच त्या टेबलावरच्या मुलाच्या मनगटाला अर्थिंगचा पट्टा होता. अंगावरचा भार वायरीतून हळूच जमिनीत.

आणि पेट्रोल पंपावर? पेट्रोलची वाफ पेटायला आपल्याला जाणवणारी ठिणगीही पुरते. म्हणून कारमधून उतरलात की आधी, टाकीपासून लांब, दाराच्या पत्र्याला हात लावा. पेट्रोल भरलं जात असताना पुन्हा सीटवर जाऊन बसू नका. बाटली किंवा कॅन भरायचा असेल तर तो जमिनीवर ठेवूनच.

निघताना मी आधी लोखंडी रॅकला हात लावला. मगच शेकहँड. या वेळी दोघंही सेफ!