पुराव्यांचा मेळ : जुनी छोटी मोटार घेण्यापूर्वी

जुनी छोटी मोटार घेताना खरेदीदारापुढील मूळ अडचण यंत्राची नसून माहितीची असते, कारण मोटारीने आजवर काय सोसले हे विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन असे दाखवले, की चांगला आणि सदोष माल वेगळा ओळखता न आल्याने घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो, त्या किमतीत परवडत नसल्याने चांगल्या मोटारींचे मालक बाजारापासून दूर राहतात आणि उरलेल्यांत सदोष मोटारींचे प्रमाण वाढत जाते. काही देशांत सक्तीची तपासणी ही त्रुटी कमी करते. जर्मनीत नव्या मोटारीची पहिली तपासणी तीन वर्षांनी व पुढे दर दोन वर्षांनी होते आणि तिच्या आधारे कोणत्या मॉडेलमध्ये किती दोष आढळले हे दरवर्षी प्रसिद्ध केले जाते. भारतात मात्र खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते आणि तिच्या नूतनीकरणापर्यंत यंत्राच्या तपासणीची वेळ सहसा येत नाही. म्हणून नागपुरात विक्रीला आलेली आठ-दहा वर्षांची ऑल्टो किंवा वॅगन-आर तपासण्याचे काम खरेदीदारावरच येऊन पडते.

या तपासणीत कोणताही एक पुरावा निर्णायक नसतो. एकमेकांपासून स्वतंत्र असलेले पुरावे परस्परांशी जुळतात का, हे मात्र पाहता येते. धाव मोजणारा मीटर, म्हणजे ओडोमीटर, हा त्यांतला दुबळा पुरावा होय, कारण इलेक्ट्रॉनिक मीटरवरील आकडाही मागे नेता येतो. आठ वर्षांच्या मोटारीवर ३०,००० किलोमीटर दिसत असतील, तर रोजची सरासरी सुमारे दहा किलोमीटर भरते आणि घर ते कार्यालय एवढ्यापुरत्या वापरलेल्या मोटारीबाबत ती अशक्य नाही. परंतु मग पेडलचे रबर, स्टिअरिंगचे आवरण आणि चालकाच्या आसनाची कड यांची झीजही माफक असली पाहिजे, तसेच सर्व्हिसिंगच्या नोंदींत तारखांबरोबर लिहिलेले रिडिंग चढत्या क्रमाने त्याच आकड्याकडे जात असले पाहिजे. टायरच्या बाजूवरील चार आकडी खुणेत पहिले दोन अंक उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. एवढ्या कमी धावेत टायरचा दुसरा संचही झिजलेला आढळला, तर मीटरवरील आकड्याचे स्पष्टीकरण मागावे लागते.

कमी धाव म्हणजे हमखास चांगली मोटार, हे समीकरणही नागपुरात सावधपणे वापरावे लागते, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या या शहरात बॅटरी, रबरी नळ्या आणि टायर हे भाग मोटार उभी असतानाही जुने होत राहतात. इंजिन थंड ठेवणारा द्रव, म्हणजे कूलंट, उकळण्याची मर्यादा वाढवतो आणि आतल्या धातूला गंजण्यापासून वाचवतो. त्याऐवजी वर्षानुवर्षे साधे पाणी भरले गेले असेल, तर इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडल्यावर तांबूस, गंजमिश्रित पाणी दिसते. असे इंजिन वारंवार तापले असल्यास सिलिंडरचा ठोकळा आणि त्यावरील हेड यांच्यामधील हेड गॅसकेट निकामी होऊ शकते, आणि मग कूलंट सतत कमी होणे, पांढरा धूर न थांबणे किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसणे ही लक्षणे आढळतात. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहावे आणि नंतर भर दुपारी एसी चालू ठेवून मोटार वीसेक मिनिटे जागेवर चालू द्यावी. तापमानाचा निर्देश स्थिर राहिला, रेडिएटरचा पंखा वेळेवर फिरला आणि धुरात निळी झाक, म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण, दिसली नाही, तर उष्णतेची परीक्षा बऱ्याच अंशी पार पडली असे समजावे.

नागपूरच्या मोटारींबाबत दुसरा प्रश्न पाण्याचा आहे. २२ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीपासून २३ तारखेच्या पहाटेपर्यंत काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, अंबाझरी लेआऊट व डागा लेआऊट यांसारख्या भागांत, उभी वाहने पाण्यात गेली. अशी मोटार धुऊन-पुसून चकचकीत करता येते, पण वायरींचे सांधे नंतरही गंजत राहतात आणि बिघाड केव्हा, कोठे उद्भवेल याचा अंदाज बांधता येत नाही. सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढल्यावर दिसणारा मातीचा डाग, आसनाखालच्या पट्ट्यांवरील गंज आणि डिकीत स्टेपनीच्या खोबणीत साचलेला गाळ या खुणा सहसा पुसायच्या राहून जातात. विम्याची कागदपत्रेही येथे बोलतात : दावा न केल्याबद्दल दरवर्षी वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाणारी सवलत त्या पुरानंतरच्या नूतनीकरणात एकाएकी शून्यावर आली असेल, तर कोणता दावा केला होता, हे विचारलेच पाहिजे.

कागदपत्रांत नोंदणी पुस्तकावरील चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवरील क्रमांकांशी जुळवून पाहावेत आणि कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आहे का ते तपासावे. नागपूर शहराची एमएच ३१, पूर्व नागपूरची एमएच ४९ आणि ग्रामीणची एमएच ४० ही मालिका असलेल्या मोटारीचे हस्तांतरण नमुना २९ व ३० भरून होते. शेजारच्या मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडमधून आलेल्या मोटारीसाठी मात्र तेथील ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा रस्ता कर वेगळा भरावा लागतो, त्यामुळे तिची स्वस्ताई बऱ्याचदा वरवरचीच ठरते.

एवढ्या पाहणीनंतर आढळलेल्या दोषांची दोन गटांत विभागणी करावी. बॅटरी, टायर, क्लच प्लेट आणि सस्पेन्शन यांच्या दुरुस्तीचा खर्च मेकॅनिक आधीच सांगू शकतो, म्हणून ते दोष किमतीतून वजा करून स्वीकारता येतात. पण अपघातात वाकलेला सांगाडा, पुराचे पाणी, वारंवार तापलेले इंजिन आणि न जुळणाऱ्या नोंदी यांचा खर्च कोणालाच आधी मांडता येत नाही, आणि अशा मोटारीवर मिळणारी सवलत कितीही मोठी असली तरी ती पुरेशी आहे असे म्हणण्याला आधार राहत नाही. त्या तुलनेत सगळ्या नोंदी जपलेली आणि तपासणीला मोकळी असलेली मोटार थोडी महाग वाटली तरी तिच्यासाठी मोजलेल्या वाढीव रकमेत खरेदीदार खात्री विकत घेत असतो.