दम आणि धूर

शरीर कमावणें म्हणजे केवळ दंड फुगविणें नव्हे. दम वाढविणें हें त्याचें खरें मर्म होय. पुण्याची महात्मा फुले मंडई १८८६ सालीं ‘रे मार्केट’ या नांवानें उघडली. तेथें भरलेली पाटी डोक्यावर घेऊन चालणारा हमाल सांगेल कीं, ओझें पेलण्यास श्वास स्नायूंइतकाच लागतो. मंडईलगत शुक्रवार पेठेंत चिंचेची तालीम आहे. अशा जुन्या तालमींतून जोर-बैठकांबरोबर निर्व्यसनीपणाचा आग्रह धरण्याची जी परंपरा आली, तिचें कारणही हेंच.

तथापि पहाटे व्यायाम करावयाचा आणि घरीं परततांना सिगारेट ओढावयाची, असा क्रम पुष्कळ तरुणांचा असतो. ‘घामाबरोबर सारें निघून जातें’ ही त्यांची समजूत शास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीं. तंबाखूच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु असतो. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां त्याला सुमारें २०० पट अधिक घट्ट धरून ठेवतें. त्यामुळें प्राणवायूची जागा अडते आणि स्नायूंची उपासमार होते. विश्रांतींत असतां या वायूचें रक्तांतील प्रमाण निम्म्यावर येण्यास ४ ते ५ तास लागतात. तो घामावाटे जात नाहीं. शिवाय निकोटिनमुळें हृदयाची गति वाढते व रक्तवाहिन्या आकुंचन पावतात; धुरानें श्वासनलिका आक्रसतात. मग थोड्याच बैठकांत धाप लागते, यांत नवल तें काय? बिडी सौम्य, हाही भ्रमच. ती विझूं नये म्हणून झुरके अधिक घ्यावे लागतात.

हा प्रश्न एकट्या तरुणाचा नाहीं. दिवाणखान्यांतील धूर आंतल्या खोलींतील बाळंतिणीपर्यंत व मुलांपर्यंत पोंचतो. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणीं धूम्रपानास देशभर बंदी आहे. परंतु घराच्या उंबऱ्याआंत कायदा पाहावयास येत नाहीं. तेथें वडीलधाऱ्यांचें वर्तन हाच कायदा. स्वतः काडी ओढून पुतण्यास उपदेश करणाऱ्या काकांचें कोण ऐकेल?

समाधानाची गोष्ट अशी कीं, शरीर क्षमाशील आहे. धूम्रपान सोडल्यावर एक-दोन दिवसांत रक्तांतील कार्बन मोनॉक्साइड ओसरतो. २ आठवडे ते ३ महिन्यांत रक्ताभिसरण व फुप्फुसांचें कार्य सुधारूं लागतें. वर्षभरांत हृदयविकाराचा जादा धोका सुमारें निम्मा होतो. तेव्हां काका-पुतण्यांनीं एकाच दिवशीं सिगारेट सोडावी आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे बरोबरच फिरावयास निघावें. घरांतील मुलांस याहून चांगला धडा दुसरा नाहीं.