ट्रॅक्टरचे जुने कोळपे : ओळख आणि दुरुस्ती



घाटावर ज्वारी-कपाशीच्या दोन ओळींतले तण काढायला बैलांमागे कोळपे चाले, हे आपल्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल. ट्रॅक्टरला जोडलेला कल्टिव्हेटर हा त्याचाच लोखंडी भाऊ. इथे त्या कामाला किल्तुर म्हणतात.

एका मोशावातल्या माझ्या मित्राच्या गोठ्यामागे असा एक पडून होता आणि भंगारवाल्याला बोलावणे गेले होते. आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी तो वाचवला खरा, पण उत्साहाच्या भरात मी आधीच तारेचा ब्रश चालवला. गंजाबरोबर मूळ रंगाचा शेवटचा पुरावाही गेला. म्हणून पहिला नियम हाच : आधी पाहा, मग घासा.

पाहायचे काय? अवजार कुठे जोडले जाते ते. फर्ग्युसन टीई-२० सारख्या ट्रॅक्टरला ते मागे, तीन बिंदूंच्या जोडणीवर बसते. फार्मऑल ए (१९३९) आणि सुपर ए (१९४७) यांना पोटाखाली बसते. या दोन्हींत इंजिन डावीकडे आणि चालकाची जागा उजवीकडे सरकवलेली आहे. त्यामुळे खालची ओळ डोळ्यांसमोर राहते. मग ओतीव भागांवरची अक्षरे आणि आकडे खडू चोळून वाचा. आमच्या सांगाड्यावर ‘आय एच’, म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टर, ही अक्षरे निघाली. त्याचे कंस मित्राच्या वडिलांच्या सुपर ए च्या भोकांना नेमके जुळले, तेव्हा खात्री पटली.

आता दुरुस्ती. सुटे करण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक भागावर डावा-उजवा लिहा. उचललेल्या सांगाड्याखाली भक्कम आधार असल्याशिवाय हात घालू नका. ताणलेली स्प्रिंग आधी सैल करा. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा घासू नका. जाम नटाला गंज सोडवणारे तेल देऊन रात्रभर थांबा. हातोडा मारलात तर बीड तडकते.

फाळ झिजण्यासाठीच असतात, ते बदलावेत. खरे दुखणे खिळ आणि बुश यांत असते. ते ढिले असले की फाळ आडवा हलतो आणि तणाऐवजी रोप कापतो. ते नवे बसवल्यावर सपाट फरशीवर ओळींच्या खुणा आखा, दोन्ही बाजूंचे फाळ मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवा आणि सगळ्यांची टोके एका पातळीत आणा. रंग सांगाड्याला द्या. फाळाच्या धारेला फक्त तेल लावा.

मित्राच्या वांग्यांच्या ओळींत ते आता पुन्हा चालते. रंग मात्र आम्हाला अंदाजानेच द्यावा लागला. तुमच्या ओळखीत कुणाच्या शेडमध्ये असे अवजार असेल, तर ब्रश उचलण्याआधी ऐन वेरेदचे ट्रॅक्टर संग्रहालय एकदा पाहून या.